न दिसलेला खरमोर

मुजुमदार मॅडम गेल्या तेव्हा विभागात शोकसभा झाली. चार जण बोलले, फोटोला हार घातला गेला आणि शेवटी विभागप्रमुख म्हणाले, आपण सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या. आम्ही उठलो, माना खाली घातल्या. माझ्या शेजारी इरफान होता. तो पुटपुटला, "मॅडमला हे जमलं असतं का?" मला हसू फुटलं. ते हसू लपवायला मी पदर तोंडाला लावला. समोरच्यांना वाटलं, रडतेय. दोन्हीही खरंच होतं.

शरयू मुजुमदार स्तब्ध उभ्या आहेत असं दृश्य मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिलं नाही. प्राणिशास्त्र विभागाच्या शेवटच्या खोलीत आमचा पक्षी-अभ्यास गट होता आणि मॅडम त्याच्या प्रमुख. खोलीत त्यांच्या नावाची खुर्ची होती, पण तिच्यावर दुर्बिणींच्या पिशव्या, ओले रेनकोट आणि कुणीतरी आणलेले पेरू असत. मॅडम टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत बोलायच्या, मध्येच खिडकीपाशी जायच्या, बाहेरच्या कडुलिंबात काय हाललं ते पाहायच्या आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे उचलायच्या. चहा अर्धा पिऊन ठेवून द्यायच्या. संध्याकाळी आम्ही खोलीभरातून त्यांचे अर्धे कप गोळा करायचो. एक तर फ्रीजमध्ये, जतन केलेल्या नमुन्यांच्या शेजारी सापडला होता.

माझे वडील बँकेच्या बदलीवर जळगावहून उज्जैनला आले आणि इथलेच झाले. मॅडमचं घराणं मात्र इथलं जुनं. त्यांचे पूर्वज पेशवाईच्या काळात सरदारांच्या दफ्तरात कामाला म्हणून माळव्यात आले होते. त्याचा मॅडमना अभिमान वगैरे काही नव्हता. त्या म्हणायच्या, "अगं, पिढ्यान्पिढ्या बसून लिहिणारी माणसं आमची. सगळ्यांचं बसणं संपवून टाकलं त्यांनी. माझ्या वाट्याला काही राहिलंच नाही." त्यांची मराठी अशीच होती, उज्जैनची. 'पता नाही' आणि 'मतलब' पेरलेली. रागावल्या की हिंदी, फार रागावल्या की पुन्हा मराठी.

एम.एस्सी. झाल्यावर मी त्यांच्या प्रकल्पात सहायक म्हणून लागले. पहिल्याच आठवड्यात एका विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा होती. भोपाळहून बाहेरचे परीक्षक आले होते, पोट सुटलेले, सभ्य गृहस्थ. मॅडमनी पहिला प्रश्न खोलीत विचारला, दुसरा दारात आणि तिसरा व्हरांड्यात. विद्यार्थ्याला सवय होती, तो बरोबरीनं चालत उत्तरं देत होता. परीक्षक फाइल छातीशी धरून मागे मागे. व्हरांडा संपला, मॅडम वळल्या, पुन्हा सुरू. तिसऱ्या फेरीत परीक्षक खांबाला टेकले आणि म्हणाले, मॅडम, लड़का पास है, मुझे बिठा दीजिए. मॅडम खरंच ओशाळल्या. त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. स्वतः धावत जाऊन त्यांनी पाणी आणलं, आणि ते पाणी पीत असतानाच विचारलं, तुमच्याकडच्या तलावावर यंदा कांडेसर करकोचे कधी उतरले?

असं वाटेल की त्या विसरभोळ्या, गमतीदार बाई होत्या. होत्याही. पण त्यांच्या त्या चळवळेपणात गंमत नसलेलं काहीतरी होतं. त्यांचं अंग कुठेतरी उशीर झाल्यासारखं वागायचं. बसमध्ये त्या दाराशी उभ्या राहत. सिनेमाला मध्यंतराच्या आधीच बाहेर येत. त्यांचे यजमान दिलीपराव रेल्वेत होते, सिग्नल विभागात. अगदी शांत माणूस. घरचा स्वयंपाक तेच करायचे. मी एकदा त्यांना विचारलं, मॅडम पहिल्यापासून अशाच का? ते पोळी लाटता लाटता म्हणाले, "लग्न ठरवायला आम्ही यांच्याकडे गेलो तेव्हा मुलगी दाखवायची होती. दाखवली. पण ती पोह्यांची बशी ठेवून जी बाहेर गेली, ती माझ्या आईला नीट दिसलीच नाही. आई म्हणाली, मुलीचा आवाज चांगला आहे."

गटात त्या वेळी मुख्य माणसं आम्ही तिघं. मी, इरफान आणि सुनीता. इरफान भैरवगढचा. त्याच्या घरी कापडावर ठसे उमटवायचं काम चालतं, चादरी, ओढण्या, साड्या. पक्षी बघायला बसायचं तर आडोसा लागतो. त्यासाठी बाजारात मिळणारं हिरवं कापड आम्हाला परवडत नव्हतं, म्हणून इरफानच्या अब्बांनी छपाईत बिघडलेल्या चादरी दिल्या. त्यामुळे उज्जैनच्या आसपासच्या तळ्यांकाठी आम्ही कित्येक वर्षं लाल-काळ्या कोयऱ्यांच्या मागे लपून पक्षी पाहिले. पक्ष्यांनी कधी हरकत घेतली नाही. गावातल्या बायका मात्र भाव विचारायला यायच्या.

सुनीता आमच्यात सगळ्यात लहान. आगर रस्त्यावरच्या एका खेड्यातून आलेली, शेतकऱ्याची मुलगी, घरातली पहिली पदवीधर. कमी बोलायची, तेही हिंदीत, पण एकदा मनात घेतलं की हटायची नाही. तिला या कामात मॅडमनीच आणलं होतं. बी.एस्सी.च्या वर्गात तिनं विचारलेल्या एका प्रश्नामुळे मॅडम तिला थेट वर्गाबाहेर घेऊन गेल्या होत्या आणि बाकीचा वर्ग तास संपेपर्यंत वाट पाहत बसला होता.

मॅडमचा नियम एकच होता. दिसलं ते लिहा. दिसलं असावं, दिसलं असतं, दिसायला हवं होतं, यातलं काही चालायचं नाही. "'पता नाही' हे पण उत्तर आहे," त्या म्हणायच्या, "बिलकुल इज्जतदार उत्तर आहे." आम्ही नवीन असताना एखाद्या लांबच्या ठिपक्याला नाव द्यायची घाई करायचो. मग त्या विचारायच्या, चोच पाहिलीस? पाय? पंखावर काय होतं? आणि एकेक उत्तर 'नाही' असं येत गेलं की त्या अजिबात न रागावता म्हणायच्या, मग तू ठिपका पाहिलास, ठिपका लिही.

त्यांचे वडील वारले तेव्हाची गोष्ट सांगायला हवी. मॅडम एकुलत्या. क्रियाकर्म त्यांनीच केलं. नातेवाइकांना ते फारसं रुचलं नव्हतं. दहाव्याला राम घाटावर आम्ही विभागातलेही काही जण गेलो होतो. गुरुजींनी पिंड मांडले आणि सगळे कावळ्याची वाट पाहू लागले. कावळा येईना. लांबच्या कठड्यावर पाच-सहा बसलेले दिसत होते, पण एकही जवळ येत नव्हता. एक काका म्हणाले, काहीतरी इच्छा राहिली आहे. दुसरे म्हणाले, मुलीनं केलंय ना, म्हणून. मग एकेक जण पुढे होऊन हात जोडून आश्वासनं देऊ लागला, घराची काळजी करू नका, शरयूची काळजी करू नका.

मॅडम इतका वेळ पिंडांसमोर उभ्या होत्या, म्हणजे त्यांच्या परीनं उभ्या, या पायावरून त्या पायावर. एकदम त्या ओल्या साडीनं, अनवाणी, पायऱ्या चढून पिंपळाखाली गेल्या आणि मान वर करून पाहू लागल्या. गुरुजी हाका मारताहेत, काका चिडलेत. त्यांनी मला बोटानं दाखवलं. आतल्या फांदीवर, पानांच्या गर्दीत, एक शिकरा बसला होता. छोटा ससाणाच म्हणा ना. तो तिथे असताना कावळे खाली कशाला उतरतील? मॅडमनी त्याला हाकललं नाही. खाली येऊन त्यांनी सगळ्यांना शांतपणे सांगितलं की थोडं थांबा, वर शिकरा आहे, तो गेला की येतील. थोड्या वेळानं तो उडाला, नदीवरून पलीकडे गेला, आणि कावळे आले. 

परत येताना ऑटोत मी म्हणाले, बरं झालं तुम्ही पाहिलंत. मॅडम रस्त्याकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "पण इच्छा राहिलीच होती गं. शेवटी शेवटी रोज म्हणायचे, दुपारी घडीभर बसत जा माझ्याजवळ. मी बसायचे आणि पाच मिनिटांत उठायचे. त्यांनाही कळायचं, मलाही कळायचं." आणि देवास गेट यायच्या आधीच, सिग्नलला, त्या ऑटोतून उतरून चालू लागल्या.

आता त्या पावसाळ्याबद्दल.

सुनीताच्या गावाजवळ गवताचा एक मोठा माळ होता. आमच्याकडे अशा माळाला बीड म्हणतात. पूर्वी संस्थानच्या घोड्यांसाठी राखलेलं गवत असावं, पुढे गावाची गुरं तिथे चरायची. पावसाळ्यात तिथे खरमोर यायचा. महाराष्ट्रात त्याला तणमोर म्हणतात. कोंबडीएवढा पक्षी, एरवी गवतात दिसायचाही नाही. पण पावसात नराला काळा-पांढरा पिसारा चढतो, डोक्यामागे तुरे येतात आणि तो गवतातून उभा वर उडी मारतो. माणसाच्या उंचीएवढी. एक क्षण हवेत, पंख फडफडवत, बेडकासारखा आवाज करत, आणि परत गवतात. मग पुन्हा. पुन्हा. आभाळ भरलेलं असेल तर दिवसभर. कुठेतरी गवतात बसलेल्या मादीला आपण दिसावं म्हणून. तो पक्षी आता देशात फार थोडा उरला आहे. आमच्या गटानं त्या बिडावर तो बरीच वर्षं पाहिला होता, एक नर, कधी दोन.

त्या वर्षी तिथे गोदामं बांधायचं ठरलं. जमीन सरकारी होती, प्रस्ताव जवळपास मंजूर होता. मॅडमनी हरकत घेतली, पत्रं लिहिली, भोपाळच्या खेपा घातल्या. शेवटी एक समिती नेमली गेली आणि समितीनं सरळ सांगितलं, या पावसाळ्यात तुमचा पक्षी तिथे आहे एवढं दाखवा, आम्ही जागा सोडायला सांगू. मॅडम खूश झाल्या. दरवर्षी येणाराच तो. दाखवू.

आणि त्या वर्षी तो आला नाही.

पाऊस लवकर आणि भरमसाट झाला. गवत नेहमीपेक्षा उंच वाढलं. आम्ही पाळ्या लावून बिडावर बसलो. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. चिखल, जळवा, कोयऱ्यांची चादर. एकदा इरफान ओरडला, पण ती टिटवी होती. मॅडम तर बसतच नव्हत्या, माळाच्या कडेकडेनं सतत फिरत होत्या, मध्येच थांबून कान द्यायच्या आणि पुन्हा चालू लागायच्या. त्यांचं वजन उतरलं. दिलीपराव मला फोन करून विचारायचे, ही जेवते का तिकडे?

सुनावणी तोंडावर आली आणि एका सकाळी सुनीता धावतच खोलीत आली. तिनं पाहिला होता. बिडाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, पहाटेच्या उजेडात, एक उडी. फोटो काढायला वेळच मिळाला नाही. इरफाननं टेबलावर हात आपटला, मला रडूच आलं. मॅडम खोलीभर फेऱ्या मारत तिला प्रश्न विचारू लागल्या. ऊन कुठल्या बाजूला होतं, किती वर गेला, पंखावर पांढरं दिसलं का, आवाज आला का. सुनीतानं सगळ्याची नीट उत्तरं दिली. फार नीट दिली. तसा नर ती लहानपणापासून पाहत आली होती. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे. आणि पर्स न घेताच बाहेर पडल्या.

पुढचे दोन दिवस त्या विभागात आल्या नाहीत. पूर्वेच्या कोपऱ्यात होत्या, हे नंतर कळलं. तिसऱ्या दिवशी आल्या तेव्हा साडीला गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला होता. खोलीत आम्ही तिघंही होतो. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"सुनीता," त्या म्हणाल्या, "इस साल आया क्या?"

सुनीतानं त्यांच्याकडे पाहिलं. "मॅडम, वो आता है. आपको पता है, सबको पता है. एक साल नहीं आया तो क्या बीड़ उसका नहीं रहा?"

"मैंने ये नहीं पूछा."

सुनीतानं नजर खाली वळवली. मग म्हणाली, "नहीं आया."

मॅडमनी मान हलवली. रागावल्या नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवून त्या व्हरांड्यात गेल्या आणि आम्हाला त्यांच्या चपलांचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

सुनावणीला मी त्यांच्याबरोबर होते. मोठं टेबल, पाण्याच्या बाटल्या, पंख्याखाली फडफडणारे नकाशे. अध्यक्ष भले गृहस्थ होते. मला तर असं वाटलं की त्यांना जागा सोडायचीच होती, त्यांना फक्त निमित्त हवं होतं. त्यांनी विचारलं, तर मॅडम, आपके ग्रुप ने इस मौसम में खरमोर देखा? आणि उत्तर येण्याआधीच लिहायला पेन उघडलं.

मॅडम उभ्या राहून म्हणाल्या, "जी नहीं. पिछले सालों में देखा है, उसका सारा रिकॉर्ड आपके सामने है. इस साल नहीं देखा."

अध्यक्षांनी पेन तसंच धरून विचारलं, म्हणजे तुमच्या कुणालाच नाही? एकदाही नाही? ते जवळजवळ विनवत होते. मॅडम म्हणाल्या, नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं की एक वर्ष न दिसणं म्हणजे नसणं नव्हे, पाऊस जास्त झाला की हे पक्षी जागा बदलतात, दोन पावसाळे थांबा. हे सगळं शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होतं. पण टेबलापलीकडच्या माणसांनी आपलं काम संपवलं होतं. एकानं नकाशाची गुंडाळी करायला घेतली.

दिवाळीनंतर बिडावर खांब रोवले गेले.

सुनीतानं गट सोडला. जाताना तिनं दुर्बीण, चादर, सगळं टेबलावर नीट घडी करून ठेवलं. मॅडम खिडकीशी होत्या. ती म्हणाली, "आपका सच रह गया, मॅडम. बीड़ चला गया." मला वाटलं, मॅडम काहीतरी बोलतील. विज्ञानाबद्दल, विश्वासाबद्दल, वर्गात बोलायच्या तसं. त्या खिडकीबाहेर कडुलिंबाकडे पाहत राहिल्या. सुनीता गेल्यावर इरफान चिडून म्हणाला की तिला काही कळत नाही. मॅडम वळून म्हणाल्या, "तिचं गाव आहे ते. तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं."

त्यानंतर त्यांची अस्वस्थता वेगळीच झाली. आधी ती बाहेर धावायची, आता आत वळली. बोलता बोलता थांबायच्या. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले तर दिलीपरावांनी वर बोट दाखवलं. मॅडम गच्चीवर होत्या, वाळत घातलेल्या कपड्यांमधून येरझाऱ्या घालत. मी काही न विचारताच म्हणाल्या, "लोक म्हणतात, खरं बोललं की डोक्यावरचं ओझं उतरतं. माझं काही उतरलं नाही गं. दुसरं काही मी बोलले नसते, हे नक्की. पण मी बरोबर केलं का? पता नाही." मग एक चादर दोरीवरून ओढून त्यांनी घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

त्याच सुमारास त्यांना चढ चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी हृदयाच्या झडपेचं निदान केलं आणि चालणं कमी करायला सांगितलं. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, कमी म्हणजे किती? आणि उत्तर ऐकून म्हणाल्या, तेवढं तर मी तुमच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत चालते.

पुढचा पावसाळा आला. कुणीही कुणाला न सांगता आम्ही बिडाचं नाव टाळत होतो. एका सकाळी माझ्या फोनवर सुनीताचा निरोप आला, वर्षभरात पहिला. फोटो नाही, व्हिडिओ नाही. एवढंच, की तिच्या काकांच्या सोयाबीनच्या शेतात, बांधाच्या गवताशी, एक नर उडतोय. मॅडमना सांग, असंही तिनं लिहिलं नव्हतं.

मी मॅडमना फोन लावला. त्यांनी विचारलं, कोणी पाहिला? मी म्हणाले, सुनीतानं. फोटो आहे का, असं त्या विचारतील म्हणून मी सांगायला लागले की फोटो नाहीये, पण ती म्हणते...

"फोटो काय करायचा?" मॅडम म्हणाल्या. "ती म्हणतेय तर आहे. मी निघाले, तू देवास गेटला ये."

आम्ही बसनं गेलो. सुनीता शेताच्या वाटेवर उभी होती. वर्षभरात ती शाळेत शिकवायला लागली होती, चेहरा भरला होता. मॅडम बसमधून उतरल्या, धाप लागली म्हणून क्षणभर दाराची दांडी धरून राहिल्या. सुनीता पुढे आली आणि तिनं त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. त्या दोघींमध्ये त्या दिवशी जे बोलणं झालं ते एवढंच: मॅडमनी विचारलं, किधर? आणि तिनं हात केला.

आम्ही बांधाआड उकिडव्या बसलो. वर ढग, समोर हिरवं शेत, वारा. खूप वेळ काही झालं नाही. मग सोयाबीनमधून एक काळं-पांढरं काहीतरी सरळ वर फेकल्यासारखं आलं, हवेत थरथरलं आणि खाली गेलं. तो आवाज. पुन्हा वर. पुन्हा खाली. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांची दुर्बीण गळ्यातच होती. त्या सुनीताकडे बघत होत्या.

त्यानंतरचा सगळा पावसाळा त्या त्याच गावात दिसायच्या. सुनीतानं काकांना आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांना गोळा केलं. बांधावरचं गवत कापू नका, औषध फवारताना तेवढा तुकडा सोडा, घरटं दिसलं तर कळवा. माणसं आधी हसली. मग त्यांनाही नाद लागला. कोण आधी पाहतो यावर चहाच्या टपरीवर वाद होऊ लागले. मॅडमना ते फार आवडायचं. चहा घ्यायच्या, अर्धा ठेवायच्या, उठायच्या. बिडावर तोवर गोदामांच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. तिकडे त्या कधी वळून पाहायच्या नाहीत असं नाही. पाहायच्या, आणि पावलं भरभर टाकायच्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच वर्षीच्या आश्विनात. मी घरच्यांबरोबर गाडीनं आगरला एका लग्नाच्या बोलण्यांसाठी निघाले होते. त्या शेताजवळ आल्यावर मी गाडी थांबवायला सांगितली. सोयाबीन पिवळं पडलं होतं आणि काकांच्या शेतात हार्वेस्टर चालू होता. धूळ उडत होती. आधी मला वाटलं, यंत्रापुढे कुणीतरी नाचतंय.

मॅडम होत्या. यंत्राकडे तोंड करून, एक हात वर धरून, पाठमोऱ्या नव्हे, उलट्या पावलांनी चालत होत्या. मशीन त्यांच्या पुढ्यात इंचाइंचानं सरकत होतं. ड्रायव्हर वरून काहीतरी बोलत होता, त्या खालून काहीतरी सांगत होत्या, दोघांनाही एकमेकांचं ऐकू येत नसणार. शेताच्या मध्यभागी सुनीता चार काठ्या रोवून उभी होती, काठ्यांना चिंध्या बांधलेल्या. आत मादी असावी, नाहीतर पिल्लं. मॅडम ढेकळांवरून अडखळत, मागे न बघता, मागे मागे येत होत्या. काठ्यांपाशी आल्यावर त्यांनी दोन्ही हात पसरले आणि उजवीकडे वळवले. मशीन वळलं. त्या चौकोनाला वळसा घालून पलीकडे गेलं.

धूळ खाली बसली तेव्हा कापलेल्या शेतात तेवढाच पिवळा तुकडा उभा होता. मॅडम गुडघ्यांवर हात टेकून, वाकून, श्वास घेत होत्या. माझ्या भावानं विचारलं, हाक मारू का? मी नको म्हणाले. सुनीतानं त्यांना पाण्याची बाटली दिली. त्यांनी एक घोट घेतला, बाटली परत केली, तोंडावरून पदर फिरवला, आणि पुढची ओळ कापायला येणाऱ्या हार्वेस्टरला पाहून पुन्हा हात वर करत त्याच्या दिशेनं निघाल्या.